‘उल्लेख आढळत नाही’ : कर्जत-खालापूरच्या दुर्गलेखनातील एका वाक्याची परीक्षा

मराठीतील दुर्गविषयक लेखनात एक वाक्य वारंवार भेटते. किल्ल्याची वाट, चढाचा कस, कातळात खोदलेली पाण्याची टाकी, ढासळलेला दरवाजा, शेंदूर फासलेली मूर्ती यांचे वर्णन आटोपले, की लेखक इतिहासाकडे वळतो आणि लिहितो, की या किल्ल्याचा इतिहासात फारसा उल्लेख आढळत नाही. वाक्य नम्र आहे. आपल्या अज्ञानाची प्रांजळ कबुली देणाऱ्या लेखकाविषयी वाचकाच्या मनात आदरच उत्पन्न व्हावा, अशी त्याची धाटणी आहे. तथापि या वाक्याच्या रचनेकडे थोडे निरखून पाहावयास हवे. ‘आढळत नाही’ या क्रियापदात शोध घेणारा दिसेनासा होतो. कोणी शोधले, कोणत्या ग्रंथांत शोधले, कोणत्या नावाखाली शोधले, आणि कोठे थांबले, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. शोधाच्या अपयशाचे विधान येथे वस्तूच्या अभावाचे विधान होऊन बसते. पुढचा लेखक ते वाक्य जसेच्या तसे उचलतो. आणि दोन-तीन पिढ्यांनंतर ते सिद्धान्ताच्या पदवीला पोचते.

या वाक्याची परीक्षा करण्यास कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांइतके सोयीचे क्षेत्र महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. सह्याद्रीच्या भिंतीला लागून असलेला, उल्हास, पाताळगंगा आणि अंबा यांच्या वरच्या खोऱ्यांचा हा मुलूख मुंबई आणि पुणे या दोन शहरांच्या मध्ये, लोहमार्गावर आहे. सुट्टीच्या दिवशी पाठीला पिशवी लावून बाहेर पडणाऱ्या हौशी भटक्यांचे पहिले पाऊल बहुधा याच स्थानकांवर पडते. साहजिकच कोथळीगड, भिवगड, सोंडाई, इर्शाळगड, रसायनीमागचा माणिकगड, ढाकची बहिरी, कोंडाणे आणि आंबिवली येथील लेणी, उंबरखिंड यांच्यावर मराठीत विपुल लिहिले गेले. इतके लिहूनही चर्चा पुढे सरकली आहे, असे मात्र दिसत नाही. दर दहा-पंधरा वर्षांनी तोच प्रश्न नव्याने विचारला जातो, तीच उत्तरे नव्याने सुचविली जातात, आणि त्याच वाक्याने प्रकरण मिटते. हे लेखनाचे दारिद्र्य नव्हे, स्मरणाचे आहे. जुनी चर्चा अस्तित्वात असते, परंतु ती शोधावयाची कशी, हे ठाऊक नसते.

पहिली अडचण जिल्ह्याची. आज रायगड जिल्ह्यात असलेल्या या तालुक्यांविषयी एकोणिसाव्या शतकातील माहिती हवी म्हणून अभ्यासक साहजिकच कुलाब्याचे जुने गॅझेटियर उघडतो. कॅम्बेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या मालिकेत कुलाबा व जंजिरा यांचा तो अकरावा खंड. प्रसिद्धीचे साल १८८३. त्यात कर्जतच्या मुलखाची स्थलवर्णने शोधणाऱ्याच्या हाती निराशा येते आणि ‘उल्लेख आढळत नाही’ या वाक्याची पहिली वीट रचली जाते. वस्तुतः १८६९ साली कुलाबा जिल्हा वेगळा करण्यात आला तेव्हा उत्तरेकडील भाग ठाणे जिल्ह्यातच राहिला होता. पनवेल १८८३ साली कुलाब्यात आले. कर्जत त्यानंतर, १८९१ साली. खालापूर हा त्या काळी कर्जतचाच पेटा होता. म्हणजे गॅझेटियर लिहिले जात असताना हा सारा मुलूख ठाण्यात होता, आणि त्याची वर्णने १८८२ सालच्या ठाणे गॅझेटियरमध्ये, विशेषतः स्थलवर्णनांना वाहिलेल्या चौदाव्या खंडात आहेत. कोंडाणे तेथे आहे, आंबिवली तेथे आहे. कुलाब्याच्या खंडात मुळात नसलेली गोष्ट तेथे न सापडणे हा शोधाचा निष्कर्ष ठरू शकत नाही.

यापुढची गुंतागुंत अधिक मौजेची आहे. स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्र शासनाने कुलाबा जिल्ह्याचे नवे गॅझेटियर १९६४ साली काढले. त्यात कर्जत व खालापूर आहेत. १ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. त्यामुळे एकाच कातळाविषयीचे लेखन काळानुसार तीन नावांखाली विभागले गेले : १८९१ पूर्वीचे ठाणे, मधले नव्वद वर्षांचे कुलाबा, आणि त्यानंतरचे रायगड. ‘रायगड’ हा शब्द तर मधूनच आपला अर्थ बदलतो. १९८० पर्यंतच्या कोणत्याही सूचीत तो शब्द म्हणजे केवळ महाडजवळची राजधानी. त्यानंतर तो किल्लाही आणि जिल्हाही. कर्जतच्या एखाद्या लेण्याविषयीचा १९५५ सालचा लेख ‘रायगड’ या शीर्षाखाली शोधणारा अभ्यासक शेकडो नोंदी चाळील आणि त्यांतील एकही त्याच्या कामाची नसेल. त्याला वाटेल, आपण भरपूर शोधले.

सरहद्दीचा हा प्रश्न केवळ कागदावरच्या जिल्ह्यांचा नाही. डोंगर ज्या रेषेने तोडला जातो त्या रेषेने माणसांचे जाणेयेणे तुटत नाही. माथेरानात जन्मलेले भाई कोतवाल आणि त्यांच्या आझाद दस्त्याची चळवळ हा कर्जत तालुक्याच्या इतिहासाचा भाग होय. परंतु २ जानेवारी १९४३ रोजी कोतवाल आणि हिराजी पाटील यांना हौतात्म्य आले ते सिद्धगडाच्या परिसरात, आणि सिद्धगड मुरबाड तालुक्यात, म्हणजे ठाण्यात. त्या प्रसंगावरचे लेखन ‘सिद्धगड’ या नावाखाली गेले आणि कर्जतच्या शीर्षाखाली पाहणाऱ्यास ते दिसेनासे झाले. भीमाशंकरच्या वाटांचेही असेच. गणेशघाट आणि शिडीघाट कर्जत तालुक्यातील खांडसहून चढतात, पदरगड त्यांच्या अंगाशी आहे. परंतु देवस्थान पुणे जिल्ह्यात असल्याने यात्रावर्णने पुण्याच्या खात्यात जमा होतात. तीर्थयात्रा करणाऱ्या माणसाने वाटेतल्या गडाविषयी एक वाक्य लिहिले असेल, तर ते वाक्य गडाच्या शोधकाला सहसा सापडावयाचे नाही.

राजमाचीचे उदाहरण तर या दृष्टीने नमुनेदार आहे. किल्ला मावळात, पुणे जिल्ह्यात. पण कोकणातून चढणारी वाट कर्जत तालुक्यातील कोंदिवड्याहून निघते आणि कोंडाण्याच्या लेण्यांवरून जाते. राजमाचीच्या वर्णनांत म्हणूनच कोंडाण्याविषयी पान-अर्धे पान मजकूर येतो. किती पाणी होते, कोणती शिळा कोसळली होती, कोणत्या खांबाचे काय उरले होते, ही एखाद्या विशिष्ट वर्षाची साक्ष त्या अर्ध्या पानात असते. पुरातत्त्वाच्या दृष्टीने तिचे मोल थोडे नाही. परंतु लेखाचे शीर्षक राजमाचीचे असल्याने सूचिकार ती नोंद कोंडाण्याखाली करीत नाही. ललित वाङ्मयात शोध घेणाऱ्यांची संख्या तर आणखीच कमी. गो. नी. दांडेकरांची ‘माचीवरला बुधा’ ही कादंबरी राजमाचीच्या परिसरात घडते. माचीवरचे झाड, पाणी, वस्ती आणि एकांत यांचे निरीक्षण तीत आले आहे, परंतु ग्रंथालयात ती कादंबऱ्यांच्या कपाटात असते आणि किल्ल्याचा अभ्यासक त्या कपाटापाशी जात नाही. कादंबरीतील साक्ष पुराव्यासारखी वापरता येत नाही, हे खरे. पण ती पाहिलीच नाही आणि ती पाहून बाजूला ठेवली, या दोन गोष्टींत अंतर आहे.

आता नावांकडे वळावयास हवे, कारण खरा घोळ तेथे आहे. कोंडाणे म्हणजे कर्जतजवळची लेणी. कोंढाणा म्हणजे सिंहगड. ‘ड’ आणि ‘ढ’ यांतील फरक मराठी वाचकाला स्पष्ट असला, तरी रोमन लिपीत तो सहज पुसला जातो, आणि इंग्रजी सूचीवर विसंबणाऱ्यास एकाऐवजी दुसरे हाती लागते. राजमाचीच्या दोन बालेकिल्ल्यांची नावे श्रीवर्धन आणि मनरंजन. त्यांपैकी श्रीवर्धन हे रायगड जिल्ह्यातीलच समुद्रकाठच्या गावाचे व तालुक्याचे नाव. आणि मनरंजनाशी कानाला जवळ लागणारे मुरंजन हे प्रबळगडाचे जुने नाव. माणिकगड रसायनीजवळ आहे, तसाच चंद्रपूर जिल्ह्यातही. कोथळीगडाला त्याच्या पायथ्याच्या गावावरून लोक पेठचा किल्ला म्हणतात. आणि ‘पेठ’ हा शब्द सूचीत पाहिला तर नाशिक जिल्ह्यातील तालुका, सांगलीकडील गाव आणि प्रत्येक शहरातील बाजारपेठ एकदम समोर उभी राहते. इतकेच कशाला, खुद्द कर्जतच महाराष्ट्रात दोन आहेत. अहमदनगर जिल्ह्यातील (आता अहिल्यानगर) कर्जत तालुक्याविषयीच्या नोंदी या कर्जतच्या नोंदींत इतक्या बेमालूम मिसळतात, की काही वेळा लेखकाची फसगत झाल्याचे वाचकालाच ध्यानात येते.

इंग्रजी कागदपत्रांतील रूपे हा स्वतंत्र अध्याय ठरेल. १८५६ साली लोहमार्ग खोपोलीपर्यंत पोचला तेव्हा त्या ठिकाणाचे इंग्रजी रूप ‘कँपूली’ असे होते. १८६३ साली घाटातील मार्ग खुला झाल्यावर खोपोली हे फाट्याचे टोक उरले, परंतु त्या सात वर्षांतील प्रवाशांची वर्णने त्या चमत्कारिक रूपाखालीच शोधावी लागतात. बोरघाटाचे इंग्रजीत ‘भोर घाट’ झाले. परिणामी भोर संस्थानाच्या नोंदींत बोरघाटाचा आणि बोरघाटाच्या नोंदींत भोर संस्थानाचा शिरकाव झाला. नाना फडणविसांनी खोपोलीस बांधविलेला तलाव आणि महादेवाचे देऊळ यांचे वर्णन घाट चढण्यापूर्वी विसावा घेणाऱ्या प्रवाशाच्या लेखणीतून उतरावयाचे. तेव्हा ते घाटाच्या नावाखाली पाहिले पाहिजे, गावाच्या नावाखाली नव्हे. याउलट माथेरान. ह्यू मॅलेट याने १८५० च्या मे महिन्यात त्या डोंगराची वाट धरली तेव्हापासून त्या स्थळाचे इंग्रजी आणि मराठी नाव एकच राहिले, त्या नावाचे दुसरे स्थळ नाही, आणि १९०७ साली सुरू झालेल्या छोट्या आगगाडीमुळे तर त्याची ख्याती दूरवर गेली. माथेरानविषयी ‘उल्लेख आढळत नाही’ असे कोणी लिहीत नाही. ते स्थळ शेजारच्या किल्ल्यांपेक्षा ऐतिहासिक दृष्ट्या थोर आहे म्हणून नव्हे. त्याची नोंद सापडणे सोपे आहे म्हणून.

मराठी लेखनाच्या नियमांचाही या प्रश्नाशी निकटचा संबंध आहे, याची जाणीव नव्या अभ्यासकांस फारशी दिसत नाही. १९६२ साली मान्य झालेल्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वीचे लेखन ‘ठाणें’, ‘कोंडाणें’, ‘लेणीं’ अशा रूपांत आहे. चिंतामण गंगाधर गोगटे यांचा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील ग्रंथ ‘महाराष्ट्र देशांतील किल्ले’ या नावाचा. त्यातील ‘देशांतील’ वरचा अनुस्वार आज कोणी टंकलिखित करीत नाही. हाताने लावलेल्या पत्रिकांच्या कपाटात अनुस्वारयुक्त अक्षर बहुधा आधी येते. तेथे एका बिंदूमुळे पत्रिका दुसऱ्या खणात जाते. यंत्राने शोध घेतला तरी तीच गत. यंत्राला बिंदू असलेला आणि नसलेला शब्द हे दोन निराळे शब्द वाटतात.

हे सर्व स्थळांविषयी झाले. चर्चेचा शोध ही याहून निराळी आणि अवघड गोष्ट आहे, कारण चर्चा म्हणजे एक लेख नव्हे. कोणीतरी विधान करतो. दोन अंकांनंतर वाचकांच्या पत्रव्यवहारात त्यावर आक्षेप येतो. मूळ लेखक उत्तर देतो किंवा देत नाही. आणि कधी कधी सहा महिन्यांनी शुद्धिपत्रात चार ओळींची दुरुस्ती येऊन सारे प्रकरण निकालात निघते. सूचीत यांपैकी पहिला लेख तेवढा नोंदलेला असतो. पत्रे नोंदण्याइतकी महत्त्वाची मानली जात नाहीत. शुद्धिपत्राला शीर्षकच नसते. अशा स्थितीत सूचीवरून चर्चेत प्रवेश करणारा अभ्यासक वादातील पहिला शब्द वाचतो आणि तोच शेवटचा समजतो. दुर्गलेखनातील अनेक चुका अशा आहेत, की त्या कधीच दुरुस्त झाल्या होत्या. दुरुस्ती मात्र कोणी वाचली नाही. बांधणीवाल्यांनीही यात आपला वाटा उचलला आहे. नियतकालिकांचे वर्षाचे अंक एकत्र बांधताना वेष्टने आणि जाहिरातींची पाने काढून टाकण्याची रीत ग्रंथालयांत सर्रास होती, आणि छोट्या सूचना, दिलगिरी व दुरुस्त्या नेमक्या याच पानांवर छापल्या जात.

म्हणून अनुभवी शोधक विषयावरून सुरुवात करीत नाही. एखादा लेख मिळाला, की तो पुढील चार-सहा अंक पान उलटून पाहतो. वर्षअखेरची अनुक्रमणिका असल्यास तीत मूळ लेखकाचे नाव पुन्हा येते काय ते तपासतो. आणि आक्षेपकाचे नाव कळले तर त्या नावानिशी स्वतंत्र शोध घेतो, कारण प्रतिपक्षाची नोंद बहुधा प्रश्नाखाली नसून त्याच्या आडनावाखाली असते. लेखात जुन्या लेखाचा निर्देश असेल तर तो मागे जातो. असे दोन-तीन टप्पे मागे गेले, की सामान्यतः एक असा लेख लागतो ज्याच्यावर पुढचे सर्वजण विसंबले आहेत आणि जो कोणीही पुन्हा उघडून पाहिलेला नाही. कंटाळवाणे काम आहे. त्याला पर्याय नाही.

सूचीसाहित्याविषयी एक गोष्ट मात्र बोचल्यावाचून राहत नाही. शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’ने १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० या कालखंडातील मराठी ग्रंथांची नोंद केली. एका माणसाच्या चिकाटीतून उभे राहिलेले असे कार्य दुसऱ्या भारतीय भाषांनाही हेवा वाटावा असे आहे. नियतकालिकांच्या सूचीचे दात्यांच्या नावाशी निगडित कामही १९५० पर्यंतचा काळ व्यापते. आणि संघटित गिरिभ्रमणाचा मराठी छंद नेमका त्यानंतर बहरला. मुंबईची ‘गिरिविहार’ ही संस्था १९५४ सालची. पुढील दशकांत निघालेली मंडळांची वार्षिके, स्मरणिका, दिवाळी अंकांतील भटकंतीचे लेख, वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्या यांना त्या तोडीचा सूचिकार लाभला नाही. सूची जेथे संपते तेथे छंदाचे लेखन सुरू होते. याचा परिणाम असा, की १९१० साली कर्जतच्या किल्ल्याविषयी कोणी लिहिले हे शोधणे १९७५ साली कोणी लिहिले हे शोधण्यापेक्षा सोपे झाले आहे. त्यात छंदाची परिभाषा बदलत गेली. जुन्या लेखकाने ‘सहल’ किंवा ‘प्रवास’ म्हटले, मधल्याने ‘गिरिभ्रमण’ आणि ‘पदभ्रमण’, नंतरच्याने ‘ट्रेक’. ‘ट्रेक’ शोधणाऱ्यास ‘सहल’ सापडत नाही, हे उघड आहे.

उंबरखिंडीच्या चर्चेत हाच प्रश्न काळाच्या अंगाने उभा राहतो. खालापूर तालुक्यातील चावणीजवळच्या या खिंडीत १६६१ च्या फेब्रुवारीत शिवाजी महाराजांनी करतलबखानाच्या मोगली सैन्याची कोंडी केली. या प्रसंगाचे तपशीलवार वर्णन कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त आहे. ते काव्य स. म. दिवेकरांनी संपादित करून १९२७ साली प्रसिद्धीस आणले. म्हणजे १९२७ ही या चर्चेतील पाणलोटाची रेषा होय. तिच्या अलीकडचे आणि पलीकडचे लेखन एकाच मापाने मोजता येत नाही. १९२० सालचा लेखक उंबरखिंडीविषयी गप्प असेल तर त्याच्यापुढे साधन नव्हते. १९७० सालचा लेखक गप्प असेल तर त्याने साधन पाहिले नाही. दोन्ही मौने पानावर सारखीच दिसतात. शिवाय ‘शिवभारत’ संस्कृतात असल्याने त्यातील स्थलनामे संस्कृताच्या पेहरावात येतात, आणि इंग्रजी लेखनात तो प्रसंग खिंडीच्या नव्हे तर कुरवंडा घाटाच्या नावाखाली चर्चिला जातो. येथे स्थळाच्या नावाने शोध घेण्यापेक्षा साधनाच्या नावाने घेणे फलदायी ठरते. ‘शिवभारता’वरील परीक्षणे, त्याच्या विश्वसनीयतेविषयीचे वाद, करतलबखान आणि रायबागन या व्यक्तींवरील टिपणे यांतच उंबरखिंडीची भौगोलिक चर्चा विखुरलेली आहे.

कोंडाण्याच्या कोरीव लेखाची स्थिती याहून भिन्न नाही. चैत्यगृहाच्या दर्शनी भागी असलेल्या भग्न मूर्तीजवळ ब्राह्मी लिपीत एक लहानसा लेख आहे. ती मूर्ती कण्हाचा शिष्य बलक याने घडविली, असा त्याचा आशय. शिल्पकाराचे नाव सांगणारे इतके प्राचीन लेख पश्चिम भारतात मोजके. भटकंतीच्या लेखांतून या बलकाचा उल्लेख क्वचित येतो आणि आला तरी ‘त्याच्याविषयी अधिक माहिती मिळत नाही’ अशी पुस्ती जोडलेली असते. परंतु फर्ग्युसन आणि बर्जेस यांच्या १८८० सालच्या लेण्यांवरील ग्रंथात कोंडाणे आहे. ल्यूडर्सने १९१२ साली तयार केलेल्या ब्राह्मी लेखांच्या यादीत हा लेख आहे. विद्या देहेजिया यांच्या १९७२ सालच्या आणि नागराजू यांच्या १९८१ सालच्या ग्रंथांत या लेण्याच्या कालनिर्णयाचा विचार आहे. पितळखोऱ्याच्या यक्षमूर्तीवर कण्हदास नावाच्या सोनाराचा असाच लेख आहे, त्यामुळे बलकाच्या प्रश्नावर ज्याला काही वाचावयाचे आहे त्याने पितळखोऱ्यावरचे लेखन उघडले पाहिजे. कर्जत ते पितळखोरे हे अंतर भटक्याला फार वाटते. लेखाच्या अभ्यासकाला नाही. हौशी लेखक आणि विद्यापीठीय अभ्यासक एकाच लेण्यापुढे उभे राहून दोन वेगळ्या कपाटांत आपापले कागद ठेवतात, आणि दोघांनाही एकमेकांची चाहूल लागत नाही.

येथे हौशी लेखनाच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. भटक्याने सूची पाहावी, साधने चाळावी, मग डोंगर चढावा, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. तो आनंदासाठी जातो आणि आनंदासाठी लिहितो. दांडेकरांच्या ‘दुर्गभ्रमणगाथे’चे मोल तिच्यातील संदर्भांत नाही. हरीश कापडिया यांचे इंग्रजी मार्गदर्शक पुस्तक किंवा आनंद पाळंदे यांची ‘डोंगरयात्रा’ ही वाट दाखविण्यासाठी लिहिली गेली, आणि ते काम त्यांनी चोख केले. उलट विद्यापीठांतील लेखकांनी या साहित्याला पुराव्याच्या पंक्तीत कधी बसविलेच नाही, हा दोष मोठा. अमुक साली टाक्यात पाणी होते, तमुक साली जिना शाबूत होता, वरच्या पठारावर वस्ती होती आणि ती पुढल्या पावसाळ्यापूर्वी उठली, ही प्रत्यक्षदर्शी माहिती भटक्याखेरीज कोणाकडेच नसते. तिचा उपयोग करावयाचा तर ती सापडली पाहिजे. आक्षेप आहे तो भटक्याने न शोधण्यावर नाही. न शोधता ‘आढळत नाही’ असे लिहिण्यावर आहे. ‘पाहिले नाही’ असे त्याने लिहिले असते तर कोणाचेच नुकसान झाले नसते.

अलीकडे जुने खंड संगणकावर आले आहेत, गॅझेटियरेही आली आहेत, आणि शब्द टंकित केला की क्षणार्धात उत्तर मिळते. या सोयीने वाक्याची भीड उलट वाढली आहे. पूर्वी ‘आढळत नाही’ म्हणणाऱ्याच्या मनात निदान आपण फार पुस्तके पाहिली नाहीत ही रुखरुख असे. आता यंत्रानेच नाही म्हटले, असे समाधान मिळते. पण यंत्र पानाचे चित्र शोधत नाही, त्या चित्रातून उतरविलेली अक्षरे शोधते. आणि जुन्या मराठी टाइपातील जोडाक्षरे, अनुस्वार आणि फिकट झालेले काने-मात्रे उतरविताना ती अक्षरे कशी विस्कटतात, हे ज्याने एकदा पाहिले आहे तो शून्य उत्तराला उत्तर मानणार नाही. कित्येक खंडांचे तर केवळ चित्रच आहे. अक्षरे उतरविलेलीच नाहीत. ते यंत्राच्या दृष्टीने कोरे कागद होत.

हा सारा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न किल्ल्यांच्या बाबतीत कोणी विचारील. त्याचे उत्तर खालापूर तालुक्यातच मिळते. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह हाती लागले. सत्तावन्न माणसे सापडली नाहीत आणि चार दिवसांनी शोधकार्य थांबविण्यात आले. दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते, असे शासनाकडून विधानसभेत सांगण्यात आले. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. डोंगर चढूनच तेथे जावे लागे. तरीही ही वाडी अज्ञात होती असे म्हणता येत नाही. इर्शाळगडावर जाणाऱ्या भटक्यांच्या वर्णनांत ती सतत येते : पाणी घेण्याचे ठिकाण म्हणून, वाट विचारण्याचे ठिकाण म्हणून, उतरताना टेकण्याचे ठिकाण म्हणून. फक्त ती स्वतःच्या नावाने येत नाही. शीर्षक गडाचे असते. मजकुरात ती कधी इर्शाळवाडी, कधी ठाकूरवाडी, कधी नुसती ‘वरची वाडी’ असते. आणि ठाकरांच्या वस्तीला ठाकूरवाडी म्हणण्याची रीत असल्याने कर्जत-खालापुरात त्या नावाच्या वाड्या कितीतरी आहेत.

या वर्णनांत दरडीची पूर्वसूचना होती, असा दावा करण्यास आधार नाही. परंतु उतार कसा होता, झाडी कोठे होती, घरे कोणत्या अंगाला वाढत गेली, ओढा कोठून वाहत असे, यांची वर्षानुवर्षांची साक्ष देणारे दुसरे लेखन त्या वाडीला नाही. यादी करणाऱ्याने ते पाहिले नसेल तर त्यात त्याचा एकट्याचा दोष नव्हे. ज्या नावाने त्याने शोध घेतला असता त्या नावाखाली ते ठेवलेलेच नव्हते. वाचलेल्या कुटुंबांसाठी पुढे चौकजवळ सिडकोमार्फत घरे बांधण्यात आली, आणि ती वसाहत इर्शाळवाडीच्या पुनर्वसनाची वसाहत म्हणूनच ओळखली जाते. २०२३ नंतरच्या कागदांत ‘इर्शाळवाडी’ या शब्दाने कोठे डोंगरावरची जागा आणि कोठे रस्त्यालगतची नवी वस्ती अभिप्रेत असेल. त्या कागदांची सूची करणाऱ्याने पहिल्या दिवसापासून दोन नोंदी ठेवाव्या, आणि गडाच्या नोंदीखाली ‘वाडीही पाहा’ एवढे दोन शब्द लिहावे.